घरात घोडी, कोर्टात बालिका



या अंकाचा विषय ‘बालपण’ ठरला तेव्हा आपल्यातल्या काहीजणींनी स्पष्ट नापसंती दाखवली. बाईचा प्रश्न निघाला की लगेच तिच्या कडेवर मूल द्यायचे, ही सरकारची जुनी खोड. खात्याचे नावसुद्धा ‘महिला व बालविकास’. आपणही तेच करायचे का, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. म्हणून आधीच सांगते, की हा अंक बालसंगोपनाचा नाही. मुलीला मूल म्हणायचे कुठवर, ते ठरवते कोण, आणि त्या काळात तिने काय वाचले, काय गायले, काय लिहिले याचा नीट अभ्यास कुणी करायचा, हा या अंकाचा विषय आहे.

विषय निघाला तो आपल्या केंद्रातल्या एका कार्यकर्तीमुळे. ती मुलुंड पूर्वेची, मिठागर रोडच्या बाजूची. आई चार घरची धुणीभांडी करते. ही मराठी घेऊन एम.ए. झाली आणि कॉलेजात असल्यापासून आपले वस्तीतले वाचनघर चालवते. गेल्या वर्षी तिने पीएच.डी. करायचे मनावर घेतले. विषय तिच्याच शब्दांत सांगते: ‘आपल्या कपाटातल्या गोष्टींत एकाही मुलीच्या कडेवर भावंड का नाही?’ वाचनघरात येणाऱ्या कितीतरी मुली कडेवर भावंड घेऊनच येतात. एका हाताने त्याचे नाक पुसायचे, दुसऱ्या हाताने पान उलटायचे. आमच्या पुस्तकांतल्या मुलीचे मात्र दोन्ही हात नेहमी मोकळे.

हा प्रश्न घेऊन ती वर्षभर फिरली. मराठीच्या एका विभागात सल्ला मिळाला, “कुणीतरी एक बालसाहित्यिक घे, ‘जीवन आणि वाङ्मय’ असा प्रबंध कर, लवकर होऊन जाईल.” इतिहासाच्या विभागात विचारले, साधने कोणती? मुले कागदपत्रे मागे ठेवत नाहीत. समाजकार्याच्या विभागात, म्हणजे माझ्याच भाऊबंदांत, विचारले की यातून हस्तक्षेप कोणता निघणार, आणि नमुना किती मुलींचा? कुणी तिला हाकलून दिले नाही. चहासुद्धा मिळाला. पण जो तो आपापल्या खात्यापुरते बोलला. पुस्तक मराठीकडे, कायदा इतिहासाकडे आणि प्रत्यक्ष मुलगी समाजकार्याकडे, अशी एकाच पोरीची तीन ठिकाणी वाटणी झाली.

परदेशांतल्या काही विद्यापीठांत बालसाहित्यात एम.ए. करता येते आणि बालपणाचा इतिहास ही तिथे इतिहासाची मान्य शाखा आहे. तिची सुरुवात बहुतेकजण फिलीप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराच्या 1960 सालच्या पुस्तकापासून मोजतात. युरोपात मध्ययुगात ‘बालपण’ अशी वेगळी कल्पनाच नव्हती, ती पुढे शाळेबरोबर आणि बदलत्या कुटुंबाबरोबर घडत गेली, असे त्याने चित्रे, कपडे, खेळ आणि शाळांचे दप्तर पाहून मांडले. नंतर त्याच्यावर सडकून टीका झाली. लिंडा पोलॉक या अभ्यासिकेने 1983 साली जुन्या रोजनिशा आणि आत्मचरित्रे तपासून दाखवले, की पूर्वीचे आईबापही मुलांना मूलच समजत होते. तो वाद तिकडचा आहे. त्यात आरिएसने जाता जाता केलेले एक निरीक्षण मला आपल्या कामाचे वाटते. बालपणाची ही नवी कल्पना आधी मुलग्यांच्या वाट्याला आली. मुली पुढे कितीतरी काळ लहानपणापासून बाईच्याच कपड्यांत आणि बाईच्याच कामात राहिल्या. आपल्याकडे हे सांगायला फ्रेंच माणसाची गरज नाही, हे खरे. पण आपल्याकडे ते कागदोपत्री कुणी मांडून ठेवले आहे?

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली ती शाळेच्या बोटाला धरून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 सालचे. मूळ पुस्तक फ्रेंच, ते इंग्रजीवरून मराठीत आले. भिडे वाड्यातली फुल्यांची मुलींची शाळा 1848 ची. म्हणजे मधल्या वीस वर्षांत या पुस्तकांचा वाचक कोण होता, हे सांगायला नको. पुढे 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले. 1935 साली ‘श्यामची आई’ आली. ती वाचून मीही रडले आहे. पण त्या पुस्तकातली आई आपल्याला कळते ती मुलाच्या आठवणीतून, आणि ती घडवते तीही मुलालाच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर टांग मारून जाईल तिकडे साहस करतो. तो मला आजही आवडतो. घरी परतायला उशीर झाला म्हणून त्याला कुणी झोडपत नाही, एवढेच फक्त लक्षात ठेवावे.

मग मुलीचे बालपण मराठीत लिहिलेच गेले नाही का? लिहिले गेले. फक्त बालसाहित्याच्या कपाटात नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली यमू आपले लहानपण स्वतःच्या तोंडाने सांगते, ती मोठ्यांच्या कादंबरीत, एका पुरुषाच्या लेखणीतून. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानडे नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली, ते त्यांच्या 1910 सालच्या आठवणींत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढणारी द्वाड पोर आहे. आणि बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आठ-नऊ वर्षांच्या सुना आहेत. त्या पहाटेपासून दळतात, त्यातली एखादी माहेरी पळून जायला बघते, तेव्हा तिच्या पायात लाकडी खोडा अडकवतात. ही चारही पुस्तके एम.ए.ला शिकवली जातात. ‘स्त्री-आत्मचरित्र’ म्हणून, ‘दलित आत्मकथन’ म्हणून, ‘सामाजिक कादंबरी’ म्हणून. त्यांतली बालपणाची पाने एकत्र काढून, जातीनुसार एकापुढे एक ठेवून वाचायला सांगितले आहे, असे मला तरी कुठे दिसले नाही. रमाबाईंचा अकरावा आणि बेबीताईंच्या वस्तीतल्या सुनेचा नववा, या दोन वर्षांमध्ये नुसते वयाचे अंतर नाही.

मुले कागद मागे ठेवत नाहीत, असे त्या इतिहासाच्या सरांनी म्हटले. मुक्ता साळवे हे नाव त्यांनी नक्कीच ऐकलेले असणार. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये 1855 साली फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापून आला. आपण तो सभांमधून दलित स्त्रीचे पहिले लेखन म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तो एका शाळकरी मुलीने लिहिलेला आहे हे लक्षात ठेवून पुन्हा वाचा. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायका त्यात आहेत, तशीच दगड लागून रक्त निघाले तरी तक्रार न करणारी मुले आहेत. कारण ज्या घरच्या मुलांनी मारले त्याच घरी उष्टे मागायला जायचे असते. हे वस्तीतल्या पोरीनेच पाहिलेले आहे. कॅरोलिन स्टीडमन या इंग्रज अभ्यासिकेने 1982 साली कामगार वस्तीतल्या तीन लहान मुलींनी वर्गात मिळून लिहिलेल्या एका गोष्टीवर आख्खे पुस्तक लिहिले. घर, लग्न आणि मूल याविषयी त्या मुलींना किती आधीपासून काय काय ठाऊक असते, ते तिने त्यांच्या वाक्यावाक्यातून काढले. मुक्ताच्या निबंधाला असा ओळ न् ओळ वाचणारा प्रबंध हवा की नको?

आणि सगळेच काही कागदावर नसते. भोंडल्याची गाणी आठवा. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुली असतात आठ-दहा वर्षांच्या, आणि गाणी मात्र सासरची. माहेरी जायची परवानगी सासूकडे मागायची, तिने सासऱ्याकडे धाडायचे, त्याने दिराकडे. खेळता खेळता नांदायची तालीमच ती. हे बालसाहित्य आहे की नाही? माझ्या मते, ‘बाळमित्रा’पेक्षा जास्त आहे, कारण ते मुलीच म्हणत आणि मुलीच मुलींना शिकवत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘पारी’वर ऐकायला मिळतात. सरोजिनी बाबरांनी गोळा केलेले खंड आहेत. लेकीच्या लहानपणाविषयी आई काय म्हणते, ते तिथे शोधावे लागेल. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे आहे, मुलुंडहून एका स्टेशनावर. ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक बालभारतीने सर्वांसाठी खुले केले आहेत. साधने नाहीत, ही सबब टिकण्यासारखी नाही.

आता कायद्याकडे येते. आपल्या चळवळीला या अभ्यासाची खरी निकड आहे ती इथेच.

1860 च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचे वय दहा होते, विवाहितेसाठीसुद्धा. कलकत्त्याची फुलमणी दहा-अकरा वर्षांची असताना नवऱ्याच्या संभोगाने मेली आणि 1890 साली त्याच्यावर खटला चालला. 1891 साली हे वय बारा झाले. टिळकांनी त्याला विरोध केला; परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा मुद्दा. त्याआधी याच मुंबईत रखमाबाईंचा खटला चालला होता. अकराव्या वर्षी लग्न झाले, शाळा सुटली, आणि मोठेपणी नांदायला जाणार नाही म्हणाल्या म्हणून 1887 साली कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. 1929 साली शारदा कायदा आला: मुलगी चौदा, मुलगा अठरा. (देवलांच्या नाटकातल्या शारदेवरून हे नाव पडले असे शिबिरात दरवेळी कोणीतरी सांगते. ते हरबिलास सारडा यांच्यावरून आहे.) 1978 साली हे वय अठरा आणि एकवीस झाले.

बालन्यायाचा कायदा याच्या शेजारी ठेवून पाहा. 1986 च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक, मुलगी अठरापर्यंत. 2000 साली दोघांना अठरा झाले. म्हणजे चौदा वर्षे असे होते, की संस्थेत ठेवायचे झाले तर मुलगी मुलापेक्षा जास्त काळ मूल, आणि लग्न लावायचे झाले तर ती मुलाच्या आधी मोठी. आता हा विरोधाभास वाटतो का बघा. मला वाटत नाही. दोन्हीकडे मुलगी कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात असावी, एवढाच विचार आहे.

आपल्या केंद्रात ज्या सतरा वर्षांच्या मुली येतात, त्यांच्या बाबतीत हे रोज घडते. घरात पाणी भरायला, भावंडे सांभाळायला, आईच्या जागी कामावर जायला ती मोठी. ‘एवढी घोडी झाली तरी अक्कल नाही,’ असे तिला आई म्हणते. लग्न लांबले की तिची घोडनवरी व्हायची, हा शब्दही आपल्याच भाषेतला आहे. तीच मुलगी एखाद्या पोराबरोबर निघून गेली, की बाप पोलिसांत जातो आणि एका रात्रीत ती ‘अल्पवयीन बालिका’ होते. 2012 च्या पॉक्सो कायद्यात अठराखाली संमतीला अर्थ नाही. पोरगा आत जातो, पोरगी बालगृहात. तिचा जबाब लिहिला जातो तो शिपायाच्या भाषेत: ‘मी वरील ठिकाणी राहणारी असून…’ त्या जबाबात ती मुलगी कुठेच सापडत नाही. पॉक्सो नको असे मी म्हणत नाही. घरातल्याच माणसाने छळलेल्या मुलींसाठी तो किती उपयोगी पडतो, ते मी पाहिले आहे. पण ‘मूल’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या मुली कोंबल्या जातात, आणि त्या कशा कोंबल्या गेल्या याचा इतिहास हाती नसला की आपण प्रत्येक केसमध्ये नव्याने गोंधळतो.

डिसेंबर 2021 मध्ये मुलीचे लग्नाचे वय एकवीस करण्याचे विधेयक लोकसभेत आले तेव्हा हाच गोंधळ झाला. ती लोकसभा 2024 साली विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. आपल्या बैठकीत त्यावेळी अर्ध्याजणी बाजूने होत्या, अर्ध्याजणी विरोधात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21) नुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अठरा हेच वय पाळले जात नसताना एकवीस करून काय साधणार, एवढा मुद्दा आपण मांडला. 1929 च्या कायद्याआधी जोशी समितीपुढे देशभरातल्या लोकांनी साक्षी दिल्या, त्यांत बायकाही होत्या, आणि त्या साक्षींचे जाडजूड खंड छापलेले आहेत, हे त्या बैठकीत कुणालाही ठाऊक नव्हते. आपण जो वाद नवा समजून घालत होतो, त्याच्या दोन्ही बाजू शंभरेक वर्षांपूर्वी बोलून झाल्या होत्या.

समाजकार्याच्या शिक्षणाविषयी मला अधिकाराने बोलता येते, म्हणून थोडे कडक बोलते. या देशातले समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर शिक्षण 1936 साली मुंबईतच, नागपाड्यात सुरू झाले. मुंबई बालक कायदा 1924 चा आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 ची. म्हणजे आपला पेशा आणि उमरखाडी-मानखुर्दची बालगृहे ही साधारण एकाच पिढीतली. मूल आपल्याला भेटले ते मुळातच ‘केस’ म्हणून. शब्द तेवढे बदलले: उपेक्षित, मग काळजी व संरक्षणाची गरज असलेले. ते मूल काय वाचते, हा प्रश्न एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला एकदाही विचारला गेला नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांना तो सुचला होता. 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबादला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले तेव्हा अंगणवाडी आणि कुरणशाळा निघाल्या त्या मुलांच्या कामाकडे बघूनच. मूल शाळेत येत नाही कारण ते गुरे राखते, तर शाळा कुरणात नेऊ. अनुताई स्वतः बालविधवा होत्या, हे इथे आठवणे अस्थानी होणार नाही.

या ठिकाणी माझा आपल्या कार्यकर्तीशीही थोडा मतभेद आहे. कडेवरचे भावंड गोष्टीत आले पाहिजे, हे मान्य. पण ते दरवेळी दुःख म्हणूनच आले, तर त्या गोष्टी संस्थांच्या ‘हरवलेले बालपण’ छापाच्या पोस्टरसारख्या होतील. आपल्या मुली भावंड कडेवर घेऊन लंगडी खेळतात. सागरगोटे खेळताना त्याला मांडीत दाबून धरतात. त्यांचे बालपण हरवलेले नाही, ते तसेच आहे. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आईबाप मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याचे आपण स्वागत केले. पाठ्यपुस्तकांतल्या बायकांची चित्रे मोजण्याचे काम स्त्री-चळवळीने कित्येक वर्षे केले, त्याला आलेले ते फळ आहे. पण मोजणीच्या पुढचे काम उरले आहे.

ते काम जिथे व्हायचे तिथे होईल. आपल्या कार्यकर्तीला अखेर एक मार्गदर्शक मिळाल्या आहेत. त्या मराठीच्या आहेत, आणि कायद्याचा भाग दुसऱ्या कुणाकडून तपासून घेण्याची त्यांची तयारी आहे. आता चेंडू आपल्याकडे आहे. कारण तिने आपल्याकडे वाचनघराची रजिस्टरे मागितली आहेत.

ही रजिस्टरे म्हणजे पुस्तक नेल्या-आणल्याची नोंद. मुलीचे नाव, पुस्तकाचे नाव, तारीख, आणि शेवटी ‘शेरा’. तो रकाना पुस्तक फाटले किंवा हरवले तर लिहिण्यासाठी होता. चालवणाऱ्या मुलींनी त्यात भलतेच लिहून ठेवले आहे. ‘आई बाळंत, महिनाभर येणार नाही.’ ‘डम्पिंगला जाते, रविवारी येईल.’ (मुलुंडचे डम्पिंग 2018 मध्ये बंद झाले, त्याआधीची ही नोंद.) ‘भावाने फाडले, रागावू नये.’ ‘गावी लग्न.’ ‘पुस्तक मोठ्या बहिणीसाठी नेते, तिला बाहेर सोडत नाहीत.’ मार्च 2020 नंतर बरीच पाने कोरी आहेत, आणि त्यानंतर काही नावे पुन्हा आलीच नाहीत. कुठल्या मुलीने एकच पुस्तक सहा वेळा नेले, तेही त्यात दिसते. इतिहासवाल्यांना हवे असलेले साधन यापेक्षा वेगळे काय असते?

समितीत यावर दोन मते आहेत. काहीजणींना वाटते की मुलींनी विश्वासाने सांगितलेले बाहेर देऊ नये. माझे मत असे, की वाचनघराची रजिस्टरे द्यावीत. नावे आणि पत्ते झाकून, नक्कल करून, मूळ प्रत आपल्याकडे ठेवून. ज्या मुली आता मोठ्या होऊन आसपासच आहेत, त्यांना बोलावून आधी दाखवावीत. समुपदेशनाच्या फायली मात्र देऊ नयेत, नाव झाकूनही नाही, त्या बाईची स्वतःची लेखी परवानगी असल्याशिवाय. मुलुंडसारख्या ठिकाणी नाव झाकले तरी गल्ली ओळखते. पुढच्या बैठकीत हे ठरवायचे आहे, तेव्हा मत कळवा, पोस्टाने किंवा समक्ष.

आणि इतर गटांना विनंती, की तुमच्याकडे बालवाडीची, शिबिरांची, वाचनालयाची जुनी रजिस्टरे असतील, मुलींनी लिहिलेल्या भिंतीपत्रकांच्या गुंडाळ्या असतील, तर जागा अडते म्हणून रद्दीत घालू नका. आम्हाला कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आमच्याकडच्या रजिस्टरांपैकी दोनांना वाळवी लागली होती. ती उन्हात घालून, पाने सुटी करून, सध्या माझ्याच घरी पलंगाखाली पेटीत आहेत.